विसराचा वर आणि आठवणीची पुनव
(सौंदत्तीच्या यल्लम्मेची कथा, तिची पूजा आणि आपले वाचन)

मार्गशीर्ष उजाडला की बेळगाव, निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लजपासून कोल्हापूरपर्यंतच्या पट्ट्यात घरोघर एकच बोलणे ऐकू येते : ‘औंदा डोंगराला जायचं.’ कोणता डोंगर, हे कोणी विचारत नाही. पूर्वी बैलगाड्या जुंपल्या जात, आता एस.टी.च्या प्रासंगिक कराराच्या गाड्या ठरतात. शाळेच्या हजेरीपटावर त्या आठवड्यात गैरहजेरीचे शेरे वाढतात. त्याच हजेरीपटावर वर्षानुवर्षे नजर फिरवणाऱ्याला आणखी एक गोष्ट दिसते. आजोबा यल्लाप्पा, बाप परशराम. आजी यल्लव्वा, नात रेणुका. एकाच घरात एकाच देवीची दोन नावे पिढी बदलताना बदलतात. आजीचे नाव कानडी वळणाचे, नातीचे संस्कृत. शिक्षण आले, नोकरी आली, की यल्लव्वाची रेणुका होते.

हा बदल वाटतो तेवढा साधा नाही. ‘रेणुका’ म्हटले की डोळ्यांपुढे पोथी येते, ऋषिपत्नी येते, परशुरामाची माता येते. ‘यल्लम्मा’ म्हटले की भंडारा, जग, चौंडके, कवड्यांची माळ आणि मंगळवार-शुक्रवारी दारात उभी राहणारी जोगतीण येते. देवी एक, पण तिची कथा आपण एका नावाखाली वाचतो आणि तिची पूजा दुसऱ्या नावाखाली पाहतो. या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून वाचल्या, तर काय हाती लागते, हे तपासण्याचा हा प्रयत्न आहे. कारण माझ्या मते ही पूजा म्हणजे त्या कथेवरचे सर्वांत जुने आणि सर्वांत निर्भय भाष्य आहे.

*

प्रथम स्थळाविषयी थोडेसे. सौंदत्ती ही रट्ट राजांची जुनी राजधानी. शिलालेखांत तिचे नाव सुगंधवर्ती असे येते. पुढे रट्टांनी आपली गादी वेणुग्रामास, म्हणजे आपल्या बेळगावास हलवली. गावापासून काही अंतरावर यल्लम्माचा डोंगर आहे. जवळून मलप्रभा वाहते आणि तिच्यावरच्या नविलतीर्थ धरणाच्या जलाशयाला रेणुकासागर असेच नाव मिळाले आहे. डोंगरावरचे सध्याचे मंदिर रायबागच्या बोम्मप्पा नायकाने १५१४ साली बांधले, असे सांगितले जाते. देवी मंदिराहून कितीतरी जुनी असणार हे उघड आहे. डोंगराच्या पायथ्याशी जोगुळभावी आहे. तिथे आंघोळ करून मग वर चढायचे, हा शिरस्ता.

‘यल्लम्मा’ या नावाची फोड सामान्यतः ‘एल्लर अम्म’, म्हणजे सगळ्यांची आई, अशी करतात. कोणी ‘एळु’ म्हणजे सात, असे म्हणून सप्तमातृकांशी तिचे नाते लावतात. कानडीत ‘एल्ले’ म्हणजे हद्द, शीव. आणि तमिळनाडूत शिवेवर बसणाऱ्या एल्लैअम्मन नावाच्या ग्रामदेवता आहेत. या तिसऱ्या फोडीवर आम्ही सीमाभागातल्या माणसांनी क्षणभर थांबायला हरकत नाही. व्युत्पत्तीचा निवाडा पंडितांनी करावा. व्यवहारात मात्र ही देवी शिवेवरचीच आहे. तिच्या डोंगरावर मराठी ‘उदं गं आई, उदं’ आणि कानडी ‘उधो, उधो’ या आरोळ्या एकमेकींत मिसळतात आणि कोणती कुणाची, हे तिथे कोणी निवडत बसत नाही.

*

आता कथा. महाभारताच्या वनपर्वात ती थोडक्यात येते. प्रसेनजित राजाची मुलगी रेणुका जमदग्नीला दिलेली. पाच मुलगे. एक दिवस ती स्नानाला गेली असता चित्ररथ राजाला पत्नींसह जलक्रीडा करताना पाहते आणि तिचे मन क्षणभर चळते. आश्रमात परतल्यावर जमदग्नी ते ओळखतो. तो मुलांना एकेक करून आईचा वध करण्याची आज्ञा देतो. रुमण्वान, सुषेण, वसू, विश्वावसू हे चौघे हात उचलत नाहीत. शापाने ते पशुपक्ष्यांसारखे जड होतात. धाकटा राम परशू उचलतो. बाप प्रसन्न होऊन वर देतो तेव्हा मुलगा मागतो : आई जिवंत व्हावी, भाऊ पूर्ववत व्हावेत, मला पाप लागू नये आणि आईला या वधाची आठवण राहू नये.

या शेवटच्या वराकडे आपले लक्ष सहसा जात नाही. कीर्तनकार परशुरामाच्या चातुर्याचे कौतुक करून पुढे जातात : बापाची आज्ञा पाळली आणि आईही परत मिळवली. पण वर नीट वाचावा. आईला जीव परत मिळतो तो स्मृती गाळून. तिच्यावर काय गुदरले, हे सगळ्यांना ठाऊक. ठाऊक नाही ते फक्त तिला. अन्याय झाला की नाही, हा प्रश्न विचारू शकणारी एकमेव व्यक्ती त्या वराने मुकी करून टाकली आहे. कथा सुखान्त झाली ती अशी.

सौंदत्तीच्या परिसरात हीच कथा दोन्ही भाषांत सांगितली जाते तेव्हा तिचे तपशील बदलतात आणि ते बदल फार बोलके आहेत. महाभारतात रेणुका स्नानाला गेली आहे. इथे ती पाणी आणायला जाते. रोज नदीकाठच्या वाळूचा नवा घडा घडवते, जिवंत नागाची चुंबळ करते आणि घडा डोक्यावर घेऊन येते. मन चळते त्या दिवशी वाळू घडत नाही आणि नाग निसटून जातो. शुद्धतेची परीक्षा इथे रोजच्या कामात आणून बसवली आहे. ज्या बायकांनी ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, त्यांनी उन्हाळ्यात कोसभर चालून घागरी वाहिल्या होत्या. सती असो की ऋषिपत्नी, पाणी तिलाच आणावे लागते, हे त्यांना सांगावे लागत नव्हते.

पुढेही लोककथा वेगळी वाट धरते. नवऱ्याच्या शापाने रेणुकेच्या अंगावर कोड उठते. ती रानोमाळ भटकते. एकय्या आणि जोगय्या हे दोन साधू तिला भेटतात. त्यांच्या सांगण्यावरून ती जोगुळभावीत स्नान करते, दारोदार भिक्षा मागते आणि बरी होते. जोगव्याचे मूळ इथे आहे, असे भक्त मानतात. बरी होऊन ती घरी परतते आणि तरीही तिचे मस्तक उडवले जाते. रोग गेला, संशय गेला नाही. पुराणात अपराध आणि शिक्षा यांत अंतर नाही. लोककथेने मध्ये एक लांब वनवास घातला आणि ऐकणाऱ्याला विचार करायला सवड दिली : एवढे भोगल्यावरही?

आणि ते चार मुलगे? लोकपरंपरेत त्यांना मिळालेला शाप पौरुष जाण्याचा आहे आणि लुगडे नेसून देवीचा जग डोक्यावर घेणारे जोगते आपले नाते त्यांच्याशी सांगतात. हा या परंपरेतला सर्वांत विलक्षण भाग म्हणावा लागेल. आज्ञाधारक मुलगा अवतार झाला, त्याची देवळे उभी राहिली. पण आईची सेवा कोणाकडे आली? ज्यांनी तिच्यावर हात उचलायला नकार दिला, त्यांच्या वारसांकडे. पुराणाने ज्यांना शिक्षा म्हणून बाजूला टाकले, त्यांना पूजेने आईच्या सर्वांत जवळ उभे केले. यल्लम्माची कथा नृत्यगीतांतून सांगणाऱ्या बळ्ळारीकडील मंजम्मा जोगती यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा देशाने एका लोककलावंताचा गौरव केला. पण कथेच्या हिशेबाने तो त्या चार मुलांना फार उशिरा मिळालेला उःशाप होता.

*

सर्वांत महत्त्वाचा बदल मस्तकाचा. दक्षिणेत दूरवर प्रचलित असलेल्या कथेत परशुराम पाठीमागे लागल्यावर रेणुका मातंगाच्या वस्तीत आश्रय घेते. तिथली एक स्त्री तिला मिठी मारून वाचवू पाहते. परशूच्या एकाच घावाने दोघींची मस्तके उडतात आणि पुन्हा जोडताना अदलाबदल होते. एकीचे शिर, दुसरीचे धड. दोघी जिवंत होतात, दोघी देवी होतात. मातंगीशिवाय यल्लम्मा पुरी होत नाही, ती या अर्थाने.

ही कथा किती दूर गेली, पाहा. फ्रेंच प्रवासी सोनेरा याने १७८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात ती आली आणि तिथून जर्मन महाकवी गटे याने आपल्या ‘पारिया’ या तीन कवितांच्या मालेत ती घेतली. मस्तकांच्या अदलाबदलीची दुसरी, वेताळाची कथा आपल्याला वेताळपंचविशीतून माहीत आहे. टॉमस मानने तिच्यावर १९४० मध्ये लघुकादंबरी लिहिली आणि गिरीश कार्नाडांनी तिच्यातून ‘हयवदन’ हे कानडी नाटक उभे केले. चि. त्र्यं. खानोलकरांनी ते मराठीत आणले. वेताळ राजाला विचारतो : आता हिचा नवरा कोण? राजा उत्तर देतो : ज्याचे मस्तक तो, कारण मस्तक श्रेष्ठ. यल्लम्माच्या कथेत हा प्रश्न कोणी विचारतच नाही. शिर श्रेष्ठ की धड श्रेष्ठ, ब्राह्मणी खरी की मातंगी खरी, असा निवाडा इथे होत नाही. दोन्ही देहांपुढे भंडारा उधळला जातो. वेताळाच्या राजाला जे सुचले नाही, ते आमच्या डोंगरावर जाणाऱ्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या बायकांना सुचले.

याउलट माहूर पाहा. साडेतीन पीठांतले ते एक पूर्ण पीठ. तिथे रेणुकेच्या केवळ मुखाची पूजा होते. परशुरामाने मागे वळून पाहिले म्हणून जमिनीतून वर येणारी आई मुखापर्यंतच आली, अशी तिथली कथा. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ (१९७८) या ग्रंथात शिरोहीन मातृदेवता, वारूळ, भूमी आणि रेणुका-यल्लम्मा यांचे नाते उलगडून दाखवले. मराठीत या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्या ग्रंथाच्या उंबऱ्यातूनच आत जावे लागते. रेणू म्हणजे मातीचा कण. वाळूचा घडा घडवणारी, वारुळाशी नाते असणारी ही देवी मूळची भूमाता आहे, हे त्यांचे विवेचन पटणारे आहे. तरीही त्या थोर ग्रंथाविषयी एक गोष्ट नम्रपणे नोंदवावीशी वाटते. ढेऱ्यांचा शोध उगमाचा आहे. डोंगर चढणारी भक्तीण त्यांच्या लेखनात पुरावा म्हणून येते. तीच त्या कथेची वाचकही आहे, तिने कथेत काही गाळले, काही घातले, काही उलटे फिरवले, हा विचार उगमाच्या शोधात मागे राहतो.

*

या वाचनाची खूण मार्गशीर्ष पौर्णिमेला दिसते. सहस्रार्जुनाच्या वैरात जमदग्नी मारला गेला आणि रेणुका विधवा झाली. त्या दिवशी डोंगरावर कंकणविमोचन होते. देवीच्या नावाने बांगड्या फुटतात; जोगतिणी आपले हात रिकामे करतात. आपल्याकडे हिला रांडाव पुनव म्हणतात, कानडीत रंडे हुण्णिमे. माघातल्या भारत हुण्णिमेला मुत्तैदे हुण्णिमे, म्हणजे सवाष्णीची पुनव असे म्हणतात; चैत्रातल्या दवनाच्या पुनवेलाही डोंगरावर मोठी यात्रा भरते आणि देवी पुन्हा अहेव झाल्याचा आनंद होतो. कोल्हापूरकर मार्गशीर्षात डोंगरावरून परतले की तिथल्या ओढ्यावरच्या रेणुकेची आंबील यात्रा भरते. आंबील, घुगऱ्या, भाकरी, मेथीची भाजी, कांद्याची पात असा साधा शेतातला नैवेद्य एकमेकींच्या ताटात जातो.

आता महाभारताची बाजू पुन्हा आठवावी. जमदग्नीच्या वधानंतर कथा परशुरामाच्या मागे धावते; एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय होते, रक्ताचे डोह भरतात. रेणुकेचे पुढे काय झाले? वनपर्वाला त्याची फारशी चिंता नाही. पूजेने मात्र सूडाची ती एकवीस युद्धे बाजूला ठेवली आणि एका बाईच्या रिकाम्या हातांसाठी वर्षातली एक रात्र राखून ठेवली. मुलाने मागितलेला वर आईच्या विसराचा होता. लेकींनी घातलेला रिवाज आईच्या आठवणीचा आहे. आणि त्या रिवाजात आणखी एक गोष्ट आहे, जी शास्त्राने कधी दिली नाही : इथले वैधव्य संपते. काही पुनवा गेल्या की बांगड्या परत भरल्या जातात.

*

इथवर आल्यावर थांबून चालणार नाही. कारण याच डोंगराच्या नावाने हजारो पोरींची आयुष्ये वाया गेली. केसांत जट आली, घरात आजारपण आले, मूल होईना, की लेक देवीला सोडायची. कानडीत ‘मुत्तु कट्टणे’, मराठीत ‘दर्शन बांधणे’. दर्शनासारखा सात्त्विक शब्द आमच्या भागात एका मुलीच्या गळ्यात पडणाऱ्या मण्यांच्या माळेसाठी वापरला गेला. सोडलेल्या मुली बहुतेक दलित घरांतल्या. कथेत रेणुकेला मिठी मारून स्वतःचे मस्तक देणारी मातंगी देवी झाली. व्यवहारात तिच्याच लेकी गावाच्या मालकीच्या झाल्या. कथेने जो मान दिला, तो रूढीने दामदुपटीने वसूल केला. मुंबई इलाख्याचा कायदा १९३४ चा, त्यात तेव्हाचा बेळगाव जिल्हाही आला. कर्नाटकाचा कायदा १९८२ चा, महाराष्ट्राचा २००५ चा. निपाणी आणि गडहिंग्लज या गावांनी देवदासींच्या परिषदा आणि मोर्चे पाहिले आणि त्या बायकांना रस्त्यावर आपल्या तोंडाने बोलताना प्रथम ऐकले.

मराठी साहित्यात हा आवाज आणण्याचे श्रेय मुख्यतः या भागाशी रक्ताचे नाते असलेल्या लेखकांचे आहे. चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा, उत्तम बंडू तुपे यांची ‘झुलवा’, राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या. गवसांनी जोगतिणीबरोबर जोगत्याचेही जगणे कादंबरीच्या मध्यभागी आणले, तेही कानडीचा हेल असलेल्या आपल्या बोलीत. २००९ साली राजीव पाटील यांच्या ‘जोगवा’ या चित्रपटाने गवसांच्या या दोन कादंबऱ्या आणि चारुता सागरांची कथा एकत्र गुंफून हा विषय घराघरांत नेला. या लेखनाचे मोल सांगताना आपल्या समीक्षेने एक सोयीस्कर चूक केली, असे मला वाटते. तिने या कलाकृती ‘सामाजिक प्रश्न’ या कप्प्यात ठेवल्या आणि कप्पा बंद केला. जणू प्रश्न सुटला की पुस्तकाचे काम संपले. ‘भंडारभोग’मधला जोगता आणि जमदग्नीचे शापित मुलगे यांना शेजारी ठेवून किती जणांनी वाचले? देवीच्या कथेवर हे लेखन काय भाष्य करते, हे विचारल्याशिवाय त्याची उंची कळत नाही. गवसांची पात्रे चौंडके वाजवताना केवळ रूढीचे बळी नसतात. ज्या कथेने त्यांना बांधले, तिच्यातच त्यांना आपले दुःख सांगायला शब्द सापडतात. कथा बेडीही आहे आणि वाचाही आहे, हा पेच ज्या समीक्षेला दिसत नाही, तिला ही पुस्तके अर्धीच कळली.

हा पेच आज अधिक अवघड झाला आहे. रूढी मोडत आली, ही समाधानाचीच गोष्ट. पण तिच्याबरोबर आपण आणखी काही पुसतो आहोत का, हे पाहायला हवे. पुष्कळ घरांत एखादी आत्या, एखादी चुलत आजी देवीला सोडलेली होती. तिच्या कमाईवर भाऊ शिकले, घरे उभी राहिली. आता वंशावळ सांगताना तिचे नाव घेतले जात नाही. मुलांनी विचारले, तर ‘ती लहानपणीच गेली’ असे उत्तर मिळते. शिकलेल्या पिढीने मागितलेला हाही विसराचाच वर आहे. परशुरामाने मागितला तसाच : आम्हांला पाप लागू नये आणि कोणाला आठवण राहू नये.

म्हणून रूढी टाकावी आणि आठवण राखावी, या दोन गोष्टी एकाच वेळी कराव्या लागतील. ते कसे करावे, याचा एक धडा आमच्या शेजारच्या गावानेच दिला आहे. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवेच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पुढे महाराष्ट्र शासनाने तो इतर गावांपुढे उदाहरण म्हणून ठेवला. काहींना वाटले, हा परंपरेवर घाव आहे. माझे वाचन उलट आहे. यल्लम्माच्या पूजेत बांगड्या फुटतात त्या पुन्हा भरण्यासाठी. जे देवीला दर वर्षी मिळत होते, ते घरातल्या विधवेला कधीच मिळत नव्हते. हेरवाडकरांनी देवीची अहेव पुनव आपल्या घरी आणली, एवढेच. याहून अधिक अस्सल यल्लम्मापूजा मला तरी माहीत नाही.

आपल्या मुलांना ही कथा सांगताना परशुरामाचे वर सांगावेत, पण त्यातला शेवटचा वर कोणाच्या हिताचा होता, हेही विचारावे. हात न उचललेल्या चार भावांची नावे सांगावीत. वाचवायला धावलेल्या मातंगीचे नाव रेणुकेच्या नावाला जोडूनच घ्यावे. आणि घरातल्या नातीचे नाव रेणुका ठेवलेच असेल, तर तिला आजीचे नाव यल्लव्वा होते, हे लाज न वाटता सांगावे. दोन भाषांच्या शिवेवर राहणाऱ्या आपल्या घरांना शिर आणि धड वेगळे करण्याची चैन परवडणारी नाही.